हत्तीच्या दारात कोण आलं?

एकदा एका गावात एक म्हातारा राहत असे आणि त्या गावातल्या सगळ्या मुलांना तो तोंडपाठ होता. म्हणजे तो स्वतः नव्हे, त्याची पुस्तके. तो लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तके करी. चित्रेही त्याची, गोष्टही त्याची, आणि गोष्टीच्या दोन-दोन ओळी यमकात बांधलेल्या. त्याच्या पुस्तकांत ढगाला पडसे होई, कासवाला पंख फुटत आणि भोपळा राजाच्या मिशीला लोंबकळून झोके घेई. मोठ्या माणसांना यातले काहीएक पटत नसे. पण घरातले मूल जेवेनासे झाले की हीच मोठी माणसे ते पुस्तक शोधत घरभर फिरत, एवढे आपण नम्रपणे ध्यानात ठेवू.

गाव त्याला आबा म्हणे. आबांपाशी एक शिष्या होती. दृष्टांतातल्या माणसांना सहसा नावे नसतात, पण हिला मुलांनीच एक नाव देऊन टाकले होते, रंगताई. कारण नाकाच्या शेंड्याला म्हणा, कानाच्या पाळीला म्हणा, तिला कुठे ना कुठे रंग लागलेला असायचाच. आबांच्या हाताखाली तिने रंग खलले, कुंचले धुतले, घोड्याचे गुडघे काढायला शिकली (ते फार अवघड असतात, खोटे वाटत असेल तर काढून पाहा), आणि त्या वर्षी तिने आपले पहिले पुस्तक पूर्ण केले.

त्या पुस्तकावर तिचे सारे अवलंबून होते. गावात छापखाना चालवणारा एक व्यापारी होता. देवीच्या जत्रेसाठी तो दरवर्षी मुलांचे एक नवे पुस्तक छापी, एकच. यंदा आबांनी त्याला सांगून टाकले होते, "माझं राहू द्या, पोरीचं बघा." इकडे रंगताईने घर सोडताना काकांना शब्द दिला होता की या जत्रेपर्यंत माझे पुस्तक निघाले नाही, तर मी मुकाट्याने परत येईन. काकांचे लाकडी बाहुल्यांचे दुकान होते. तिथे बाहुल्यांना डोळे काढायचे काम तिच्यासाठी राखून ठेवलेले होते. सगळ्या बाहुल्यांना अगदी सारखे डोळे. त्या डोळ्यांची तिला स्वप्ने पडत, आणि स्वप्नातही ते सारखेच असत.

पुस्तकाची कल्पना मोठी झकास होती. एका हत्तीने नवे घर बांधले आहे आणि वास्तुशांतीच्या जेवणाला पाहुणे येत आहेत. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला हत्तीच्या घराचे दार, आणि दारात किंवा दारापलीकडच्या खिडकीत एक पाहुणा. पाने अजून शिवलेली नव्हती, सुटीच होती, आणि मागच्या बाजूने कोरी होती. चित्रे अशी जिवंत की हत्तीच्या तव्यावरची भाकरी पाहून भूक लागावी. यमकेही तिने घोटून घोटून बसवली होती. फक्त शेवटच्या जोडीत तिला कुठेतरी टोचत होते. तिथे 'जाग'ला 'वाघ' जुळवला होता. ग आणि घ. म्हटले तर जुळते, म्हटले तर नाही. तिने आबांना विचारले तेव्हा ते फक्त म्हणाले, "बघू."

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने वरच्या आळीतली मुले ओसरीवर गोळा केली आणि पुस्तक वाचून दाखवले. एकेक पान उंच धरावे, दोन ओळी म्हणाव्यात, पुढचे पान उचलावे. आवाज खणखणीत, कुठे अडखळणे नाही. मुले शहाण्यासारखी बसली. शेवटचे पान संपले तेव्हा पहिल्या रांगेतला एक मुलगा आदराने म्हणाला, "छान आहे, ताई. आता जाऊ?"

एखाद्याने पुस्तक फाडले असते तरी तिला इतके लागले नसते. मुले पळाली आणि अंगणात त्यांचा असा कल्ला सुरू झाला, जणू तास सुटला. रंगताई पाने पोटाशी धरून आत आली. आबा पोळीचा शेवटचा घास चावत होते.

"आबा, चित्रं वाईट आहेत का?"

"नाही."

"यमक तुटतंय?"

"नाही."

"मग मुलं 'आता जाऊ' का म्हणाली?"

आबांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं?"

हे कोडे मराठी मुलाला दात येण्याआधी येते. "न फिरवल्यामुळे," ती वैतागून म्हणाली. "भाकरी उलटली नाही, घोडा फिरवला नाही, विड्याची पानं खालीवर केली नाहीत. पण आबा, मी माझ्या पुस्तकाचं विचारतेय!"

"मीही त्याचंच सांगतोय," आबा म्हणाले. "कात्री आण. आणि खळ असेल ती."

तिला वाटले, कडा सारख्या करायच्या असतील. तिने कात्री दिली. आबांनी पहिले पान घेतले, चष्मा नाकावर ओढला आणि हत्तीच्या दाराच्या चौकटीवरून वरपासून खालपर्यंत कर्रर्र करून कात्री चालवली! दाराबाहेरचा पाहुणा एका बाजूला पडला, त्याच्याबरोबर ओळीतला शेवटचा शब्दही. हत्ती, घर आणि शब्द तुटलेली ओळ दुसऱ्या बाजूला राहिली.

"आबा! काय करताय हे?"

आबांनी कापलेल्या पट्टीला खळ लावली आणि ती त्याच पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिकटवली. मग दुसरे पान उचलले.

"आबा, ती एकच प्रत आहे! उद्या शेठ येणार आहेत! माझ्या सशाचे कान... आबा, अहो निदान विचारायचं तरी!"

"तू विचारलंस, मी सांगितलं," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या चौकटीवरून कात्री चालली.

गुरूच्या हातातली कात्री हिसकावून घ्यायची नसते म्हणून, नाहीतर त्या दिवशी तिने हिसकावलीच असती. ती पाय आपटत परसात गेली आणि कर्दळीकडे पाठ करून रडली. मनात येईल ते आबांना बोलून घेतले, अर्थात मनातच. म्हातारा चळला, डोळ्यांनी दगा दिला, माझा मत्सर करतो, असे एकेक. मत्सराचा विचार मनात आला तेव्हा मात्र तिची तिलाच लाज वाटली. संध्याकाळी आबांनी पाने फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. तिने ती उघडूनही पाहिली नाहीत.

सकाळी व्यापारी आला. माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की बोलू लागला की छपरावरची कबुतरे उडत. बरोबर त्याची धाकटी मुलगी होती, सुगंधा नावाची, वेणीला लाल फीत लावलेली. आणि शेठच्या घरची मुलगी गोष्ट ऐकायला चालली म्हटल्यावर खालच्या आळीतली आणखी दहा-बारा पोरे तिच्या मागे लागून आली होती.

"आबा, एक आधीच सांगून ठेवतो," शेठ ओसरीवर टेकता टेकता गरजला. "कोरी जागा मला खपत नाही. पान म्हटलं की कसं गच्च भरलेलं पाहिजे. कागद काय झाडाला लागतो?"

लागतो, पण त्या घडीला त्याला हे सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

"वाच, पोरी," आबा म्हणाले, आणि स्वतः मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसले.

रंगताईने फडके सोडले. समोर छापखाना, मागे बाहुल्यांचे डोळे आणि मांडीवर चिंध्या केलेले पुस्तक. तिने पहिले पान उंच धरले. हत्ती कमरेला पंचा लावून भाकऱ्या भाजत होता, दार बंद होते आणि दाराशी पान संपत होते. ती वाचू लागली:

"दार नाही उघडत, आत येऊ कसा?
खिडकीतून टुणकन उडी मारी..."

आणि ती थांबली. थांबायचे तिच्या मनात नव्हते. पुढे शब्दच नव्हता! काल खणखणीत वाजलेला तिचा आवाज त्या कापलेल्या कडेवर येऊन अडकला. शेठच्या भुवया वर गेल्या. झाले, संपले, आता बाहुल्या, असे तिच्या मनात आले, तोच घोळक्यातून कुणीतरी हळूच, विचारल्यासारखे म्हणाले, "ससा?"

"ससाच!" दुसरा ओरडला. "टुणकन म्हणजे ससा!"

"बेडूक पण टुणकन करतो!"

"कसा–बेडूक होतंय का कधी? कसा–ससा!"

"उलटा ना, ताई! पान उलटा!"

तिने पान उलटले. मागे ससा होता, खिडकीच्या चौकटीत कान अडकलेला, आणि त्याच्याखाली तिच्याच अक्षरात 'ससा!'

काय आरडाओरडा झाला! "मी म्हटलं होतं! मी म्हटलं होतं!" म्हणत आधी 'ससा?' विचारणारा मुलगा गुडघ्यांवर उभाच राहिला. ससा तोच होता. काल तो नुसता पाहुणा होता, आज मुलांनी त्याला हाताला धरून घरात आणला होता. तिने घाईघाईने दुसरे पान उचलले.

"अंगणात खुडबुड, वाटला चोर,
दारात पिसारा अडकलेला..."

"मोऽऽर!" या वेळी सगळे एकदम. तिने पान उलटले आणि पिसाऱ्यासकट दारात अडकलेल्या मोराला पाहून पोरे लोळू लागली. आता तिला कळले होते. तिसऱ्या पानाला ती मुद्दाम थांबली, वर खट्याळपणे भुवई उडवली.

"दोन पायांना मिळाला जोडा,
दोन पाय अनवाणी, आला..."

"घोडा! घोडा! घोडा!"

हा गलका वरच्या आळीपर्यंत गेला. कालची मुले धावत आली आणि कुंपणावर चढून बसली. काल 'आता जाऊ' म्हणणारा सगळ्यांत पुढे! त्यांना सगळे पाहुणे ठाऊक होते, आणि तरी, की म्हणूनच, ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"पातेल्यात दुधावर धरली साय,
'माझीच ना ही?' म्हणाली..."

"गाय!"

"माय!" सुगंधाच्या शेजारची एक चिमुरडी ठामपणे म्हणाली. "आमची माय असंच म्हणते. सायीला हात लावू देत नाही."

सगळे हसले. रंगताई उलटलेल्या पानावरच्या गाईकडे पाहत राहिली. तिच्या मनात आले, ही माय मला का नाही सुचली? काल असे कुणी बोलले असते तर तिला ती चूक वाटली असती. आज तिला त्या चिमुरडीला उचलून घ्यावेसे वाटले.

असे करता करता ती शेवटच्या पानाशी आली. ते उचलले मात्र, आणि तिने ते पटकन पुन्हा खाली घेतले. हे पान कापलेले नव्हते! चौकट साबूत, दारात वाघ उभा, आणि खाली ठळक अक्षरात 'वाघ'. आता हे पान असेच उंच धरले की सगळे काल झाले तेच होणार. मुले आधी वाघ पाहणार, मग ओळी ऐकणार, मग म्हणणार, छान आहे, ताई. तिने आबांकडे पाहिले. आबा मान वर करून आढ्याकडे पाहत होते, जणू तिथे फार महत्त्वाचे काही चालले होते.

तिने पदर ओढला, पानाच्या उजव्या बाजूवर गच्च दाबून धरला आणि पान उंच केले.

"रात्रीच्या रानाला आली जाग,
डरकाळी फोडत दारात आला..."

"वाघ!" कुंपणावरून सगळी आळी ओरडली. "आम्हाला ठाऊक आहे! काल पाहिलाय!"

"नाही," रंगताई म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून कसा गेला, ते तिलाही समजले नाही.

"नाही कसा? काल होता!"

"काल होता. आज दुसरंच कोणीतरी आलंय."

मग जे काही सुरू झाले त्याला गोंगाट म्हणणे म्हणजे गोंगाटाचा मान ठेवणे आहे. सिंह! अस्वल! ढग गडगडतोय! नाग! "नाग कुठे डरकाळी फोडतो?" आमचे मास्तर! आजोबांचं घोरणं! आबाही ओरडत होते. आणि मध्येच शेठ, ज्याला कोरी जागा खपत नव्हती तो शेठ, अर्धवट उठून गरजला, "म्हैस! आमची म्हैस व्यायली ना, तेव्हा हुबेहूब असा आवाज..."

"शेठ, यमक जुळत नाही!" मुलांनी त्याला एकमुखाने खाली बसवले.

तेव्हा सुगंधा उभी राहिली. लाल फितीशी चाळा करत ती म्हणाली, "मला कळलं. राग."

"काय?"

"जाग–राग. डरकाळी फोडत दारात आला राग. आमच्या बाबांना येतो ना, तो. घरी येताना आधी तोच दारातून आत येतो. मग बाबा."

कुणी हसले नाही. मुले शेठकडे पाहू लागली, मग जमिनीकडे. रंगताईने डोळे मिटून घेतले. जाग, राग. ग आणि ग. ज्या जागी तिला इतके दिवस टोचत होते, तिथला नेमका शब्द एका लहान मुलीने शोधून दिला होता आणि त्याच शब्दाने आता पुस्तक बुडणार होते. पण गंमत अशी की त्या क्षणी तिला पुस्तकाची नव्हे, त्या लाल फितीची काळजी वाटली. ती मुलीजवळ सरकून बसली.

शेठने घसा साफ केला. आवाज निघाला तो इतका लहान की कबुतरे जागची हलली नाहीत.

"इतका मोठा असतो का गं?"

सुगंधाने दोन्ही हात जातील तेवढे ताणून दाखवले. मग थोडा विचार करून किंचित जवळ आणले. "रविवारी एवढा."

शेठ हसला. आधी नुसते पोट हलले, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी आले, आणि ते सगळे हसण्याचेच होते असे मी छातीठोक सांगणार नाही. त्याने मुलीला मांडीवर घेतले आणि म्हणाला, "मग हत्तीने काय केलं त्याचं? घेतला का आत?"

"हत्तीने त्याला भाकरी दिली," सुगंधा म्हणाली. तिला त्यात काही शंकाच नव्हती.

"ऐका, ताई," शेठ रंगताईकडे वळला. "पुस्तक मी छापतोय. असंच, दारावर कापलेलं. आणि त्या शेवटच्या पानावरचा वाघ काढून टाका. मागची बाजू कोरी ठेवा."

"कोरी? पण तुम्ही तर..."

"कोरी म्हणजे कोरी! कुणाच्या घरी कोण डरकाळी फोडत येतं, ते मला काय ठाऊक?"

माणसे गेली. मुलेही गेली, पण जाताना रस्ताभर भांडत गेली, शेवटी आलेला राग की अस्वल की मास्तर. त्यांचे आवाज वळणाआड जाईपर्यंत रंगताई ओसरीवर कान देऊन उभी होती. मग ती आबांपाशी येऊन बसली, आणि काल परसात त्यांना मनातल्या मनात जे जे बोलली होती, त्या सगळ्याबद्दल तिने त्यांच्या पायांना हात लावला. कशासाठी ते आबांनी विचारले नाही.

"पान का सडलं ते कळलं," ती म्हणाली. "पण एवढ्याशा कापण्याने एवढं कसं झालं, ते अजून कळत नाही."

आबा म्हणाले, "अगं, यमकातला पहिला शब्द म्हणजे हाक. दुसरा शब्द म्हणजे ओ. तू काय करत होतीस? हाकही तूच मारत होतीस आणि ओही तूच देत होतीस. मग बोलावल्यावाचून आलेल्या पाहुण्यासारखी मुलं कोपऱ्यात बसली, आणि आता जाऊ का म्हणाली. हाक मारून झाली की गप्प बसता आलं पाहिजे. ते फार कठीण असतं, आपल्याला उत्तर येत असेल तेव्हा तर फारच. म्हणून मी कात्री लावली. तुझ्या चित्रांत काही वाईट होतं म्हणून नव्हे."

मग तिला आठवले. "आणि शेवटचं पान? ते का नाही कापलंत?"

"राहिलं वाटतं," आबा म्हणाले. "म्हातारपण. विसरलो."

खरे-खोटे ते जाणोत आणि त्यांची कात्री जाणो. आजही त्या गावात कुणी कीर्तनकार, कुणी मास्तर, कुणी आई-बाप फार बोलू लागले की शेजारचे माणूस हळूच म्हणते, "अहो, ओ आम्हाला देऊ द्या की."

आबांनी ते शेवटचे पान उचलून मांडीवर घेतले. त्यावर अजून पदराच्या चुण्या उमटलेल्या होत्या. ते इकडेतिकडे पाहून, कुणी ऐकत तर नाही ना याची खात्री करून, अगदी पुढे झुकले.

"पोरी, मला एकट्याला सांग. शेवटी खरंच कोण आलं होतं गं?"

तिच्या ओठांवर उत्तर आले होते. तिने ते तिथेच थांबवले.

"आबा," ती म्हणाली, "पान उलटा."